परदेशातली स्वस्ताई कुणासाठी?

परदेशी जाऊन आलेल्या बाईला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. ‘काय काय पाहिलं?’ हा पहिला. त्याचं उत्तर पूर्ण ऐकायला कुणी थांबत नाही. ‘काय काय आणलं?’ हा दुसरा. त्याच्या उत्तरासाठी मात्र बॅगा उघडेपर्यंत मंडळी चहा घेत बसून राहतात. आमच्या दीपनगरच्या वसाहतीत हे आता नवलाचं राहिलेलं नाही. औष्णिक वीज केंद्रात पाळ्या करून मुलांना इंजिनीअर केलेली ही पिढी. मुलं पुण्याहून पुढे अमेरिका, जर्मनी, सिंगापूरला गेली, मग आईवडिलांचे पासपोर्ट निघाले. कुणी मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने जाऊन येतं, कुणी निवृत्तीच्या पैशातून युरोपची टूर करतं. बायकांचे ग्रुप तर नवऱ्यांना घरी ठेवून बँकॉकला जातात. फार चांगलं आहे. जिची धाव आजवर जळगावच्या बाजारापर्यंत आणि लग्नाच्या बस्त्यासाठी फार तर सुरतेपर्यंत होती, तिनं जग बघावंच.

माझं बोलणं त्या बॅगांबद्दल आहे. त्यातून जे ‘डिझायनर’ कपडे येतात, त्यांचं पुढे काय होतं हे मला इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक आहे. दरवर्षी दिवाळीआधी आम्ही काही जणी वसाहतीतून आणि भुसावळ शहरातून वापरलेले पण धड कपडे गोळा करतो. निवडून, धुऊन ते यावल-रावेरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर जातात. पूर्वी या गाठोड्यांत साड्या, शाळेचे गणवेश, पुरुषांचे सफारी असायचे. अलीकडे त्यात एक नवा प्रकार दिसायला लागला आहे, एकदाही अंगाला न लागलेले परदेशी कपडे. किमतीची चिठ्ठी तशीच लोंबतेय, जादा बटणाची पुडी आत तशीच. मे महिन्यात पंचेचाळीस अंश झेलणाऱ्या भुसावळात गळ्याला फर लावलेला कोट! खांदे उघडे टाकणारा टॉप. कमरेत न बसणारी जीन्स. घामानं पाठीला चिकटणारा पॉलिस्टरचा ब्लाऊज. देणाऱ्या वहिनी हळहळून सांगतात, ‘‘अहो, ऐंशी डॉलरचा वीसला मिळाला होता. ब्रँडेड आहे हं.’’ ऐंशीचा वीसला मिळाला, यातला आनंद त्या तिथंच, त्या दुकानात घेऊन मोकळ्या झालेल्या असतात. कपडा नंतर नुसता उरतो.

त्या आनंदाला मी हसत नाही. संसारात बाईला जी एक विद्या सगळ्यात आधी शिकवली जाते ती घासाघीस करून चार पैसे वाचवण्याची. प्लॉट घेताना, गाडी घेताना तिचं मत विचारलं जातंच असं नाही. पण ‘केवढ्याला आणलं?’ या प्रश्नाला अभिमानानं उत्तर द्यायची जागा तिच्या हक्काची असते. परदेशात भाषा येत नाही, रस्ता ओलांडायला भीती वाटते, जावयासमोर बोलायचा संकोच. अशा ठिकाणी सत्तर टक्के सूटची लाल पाटी दिसली की तिला आपलं काहीतरी भेटल्यासारखं होतं. इथलं मला कळतं, इथं मी कमी नाही, असं तिला वाटतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. २०२३ मध्ये तिच्या बाळंतपणाला मी तीन महिने गेले होते, कारण आईला आता एवढा प्रवास झेपत नाही. त्या भागात आपल्याकडच्या कितीतरी आया-सासवा अशाच कामाला आलेल्या असतात. हो, कामालाच! बाळाचं न्हाणं-माखणं, तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक, भांड्यांचं मशिन असलं तरी कढया हातानंच. आठवड्यातून एक दिवस बाहेर पडायला मिळतं आणि तो दिवस जातो दुकानांत, हातात यादी घेऊन.

यादी हा या सगळ्याचा गाभा आहे. जाताना बॅगेत डिंकाचे लाडू, बिबड्या, काळा मसाला, केळीचे वेफर्स भरून नेलेले असतात. परत येताना त्या जागेत काय भरायचं ते गावानं आधीच ठरवलेलं असतं. ‘जाऊबाईंना पर्स, कोणतीही चालेल पण कंपनीची.’ ‘भाच्याला बूट.’ ‘नणंदेच्या मुलीला टॉप, त्यावर नाव दिसलं पाहिजे.’ पैसे कुणी आगाऊ देत नाही, आणि मागणं शोभत नाही. माझ्या तिकिटावर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा होत्या. बहिणीच्या ओळखीच्या एक काकू बॅग वजनकाट्यावर चढवून दोन-दोन तास उलटसुलट करत बसायच्या. स्वतःसाठी घेतलेला एक स्वेटर शेवटी मुलीकडेच ठेवून गेल्या, कारण दिराच्या मुलाचे बूट मावत नव्हते.

आता ती स्वस्ताई खरी किती? थोडी खरी आहे. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर लागत नाही. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात ११० डॉलरच्या आतल्या कपड्याला आणि चपला-बुटांना राज्याचा कर माफ आहे. त्या राज्यात वुडबरी कॉमन म्हणून जागा आहे, १९८५ पासूनची. छोट्या बंगल्यांच्या गावासारखी रचना, आणि प्रत्येक बंगल्यात एकेका मोठ्या कंपनीचं ‘आउटलेट’. जगभरच्या टूरच्या बसगाड्या तिथं लागतात. रिकामी चाकांची बॅग ओढत येणारी माणसं मी पहिल्यांदा तिथं पाहिली. आपली समजूत अशी की मोठ्या दुकानात न खपलेला, मागच्या हंगामाचा उंची माल इथं अर्ध्या किमतीत निघतो. आउटलेटची सुरुवात तशीच झाली. पण आज तिथला बराच माल आउटलेटसाठीच वेगळा बनवलेला असतो. नाव तेच, पण कापड पातळ, अस्तर गाळलेलं, शिलाई विरळ. तो कधी मोठ्या दुकानाच्या काचेत लागलेलाच नसतो. मग चिठ्ठीवर खोडून दाखवलेली ती मोठी किंमत कुठली? तिथल्या ग्राहकांनीही हाच प्रश्न केला. २०१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या चार सदस्यांनी व्यापार आयोगाला पत्र लिहून याची चौकशी करायला सांगितलं. मायकेल कोर्स या कंपनीवर आउटलेटमधल्या अशाच ‘मूळ किमती’बद्दल दावा झाला, आणि चूक कबूल न करता २०१५ मध्ये तिनं सुमारे ४९ लाख डॉलर देऊन तो मिटवला. म्हणजे पर्स वाईट होती असं नाही, पण तिच्यावरची सूट मात्र कागदावरची होती.

मार्शल्स, टीजे मॅक्स, रॉस ही आपल्या लोकांची आणखी लाडकी दुकानं. तिथं चिठ्ठीवर ‘इतरत्र एवढ्याला’ असा आकडा छापलेला असतो. त्या दुकानांतही काही माल खास त्यांच्यासाठी बनवून घेतलेला असतो. मी एक साधी सवय लावून घेतली, की तो वरचा आकडा बोटानं झाकायचा आणि खालच्या किमतीला हा कपडा भुसावळात दिसला असता तर घेतला असता का, एवढंच स्वतःला विचारायचं. चाळीस डॉलरचा म्हणून पंधराला मिळणारा एक सुती कुडता मी असा हातात धरून उभी होते. तेव्हाच्या भावानं बाराशे-साडेबाराशे रुपये. कॉलर उलटून पाहिली तर आत लिहिलेलं, ‘मेड इन इंडिया’. बहीण म्हणाली, ‘‘माय वं, सात समुद्र ओलांडून हा कुडता इथं आला आणि आता तू त्याला परत नेतेस!’’ आम्ही दोघी तिथंच हसत सुटलो. लेकराला कडेवर घेतलेली एक मेक्सिकन बाई आमच्याकडे बघत राहिली.

बँकॉकचं गणित वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त सरळ आहे. तिथं प्रतुनाम भागात कपड्यांचा ठोक बाजार आहे, प्लॅटिनम फॅशन मॉल त्याच भागातला. एका दुकानातून तीन नग घेतले की ठोकीचा भाव लागतो. मात्र बऱ्याच गाळ्यांत कपडा अंगात घालून बघू देत नाहीत आणि परत घेत नाहीत. तिघी मैत्रिणींनी मिळून घ्यावं, मापाची टेप पर्समध्ये ठेवावी. थायलंडमध्ये सात टक्के व्हॅट परत मिळतो, पण एका दुकानात एका दिवशी किमान २ हजार बाहतची खरेदी हवी आणि दुकान त्या योजनेतलं हवं. रस्त्यावरच्या गाळ्यात हे काही चालत नाही. युरोपात व्हॅट वीस टक्क्यांच्या आसपास. परत मिळणारी रक्कम दलालाची कात्री लागून त्याहून बरीच कमी होते, तरी मोठ्या खरेदीला बरी. फ्रान्समध्ये शंभर युरोच्या वर खरेदी लागते, इटलीत २०२४ पासून सत्तर युरोच्या वर. गोची अशी, की फॉर्मवर शिक्का युरोपियन युनियनमधून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर घ्यायचा, आणि सामान तपासायला मागू शकतात म्हणून बॅग आत सोडण्याआधी घ्यायचा. टूरची बस विमानतळावर पोहोचते ऐनवेळी. रांग पाहून टूर मॅनेजर हात जोडतो. कितीजणींचे ते फॉर्म पर्समध्येच घरी येतात! लंडनला जाणाऱ्यांनी तर हा विषयच सोडावा. १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या दुकानांतून पर्यटकांनी सोबत आणलेल्या मालावर हा कर परत मिळत नाही.

कार्डानं पैसे देताना मशीन विचारतं, रुपयांत देणार की तिथल्या चलनात? रुपये बघून बरं वाटतं, पण तिथलंच चलन निवडावं. रुपयांचा भाव दुकानाचं यंत्र स्वतःच्या सोयीनं लावतं. आणि आपल्या विमानतळावरचा कस्टम विसरू नये. २०१६ च्या बॅगेज नियमांत ५० हजार रुपयांपर्यंतचं सामान शुल्कमुक्त ठरवलं होतं आणि नवरा-बायकोच्या मर्यादा एकत्र करता येत नव्हत्या. हे आकडे सरकार बदलतं, तेव्हा निघण्याआधी त्या वेळचा नियम बघूनच निघावं.

नकली मालाबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण आपल्याकडे त्याची कुणाला लाज वाटत नाही. ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द तर आपण कौतुकानं वापरतो. फ्रान्स, इटलीत मात्र विकणाऱ्याइतकाच घेणाराही अडचणीत येतो. इटलीत पदपथावर चादर पसरून विकलेली नकली पर्स घेतली तर गिऱ्हाइकाला हजारो युरोपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्सचा कस्टम माल जप्त करून वर दंड लावू शकतो. वीस युरोच्या पर्ससाठी परक्या देशात पोलिसांसमोर उभं राहायचं का? आणि घरी आणून जाऊबाईंना ती खरी म्हणून द्यायची, त्यांनी ती खरी म्हणून मिरवायची, बघणारीनं ओळखूनही गप्प बसायचं. यात नेमकं कोण कुणाचा मान ठेवतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

पण पैशाचा हिशेब हा अर्धाच हिशेब. कॉलरच्या आतल्या त्या चिठ्ठीकडे मी पुन्हा येते. ‘मेड इन बांगलादेश’ हे त्यावर नेहमी दिसणारं नाव. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथं राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, शिवणाऱ्या बायकांना मात्र सकाळी कामावर बोलावलं. ढिगाऱ्यातून युरोप-अमेरिकेतल्या ओळखीच्या कंपन्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. आणि हे फक्त बांगलादेशाचं नाही. तामिळनाडूत तिरुपूरच्या आसपास होजिअरीचा मोठा उद्योग आहे. त्याला सूत पुरवणाऱ्या गिरण्यांत गरीब घरच्या मुलींना साधारण तीन वर्षांच्या कराराने वसतिगृहात ठेवून राबवलं जाई आणि शेवटी लग्नासाठी म्हणून एकरकमी पैसे मिळत. मध्येच आजारी पडून सोडलं तर ते पैसे अनेकदा बुडत. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या संस्थांनी यावर अहवाल काढला, तेव्हा त्या पद्धतीचं नाव जगाला कळलं. काय होतं माहितीये? ‘सुमंगली’. हळदीकुंकवाला बोलावतो ना आपण, तो शब्द!

आपल्या खानदेशाला हे परकं वाटायचं कारण नाही. कपाशी आपल्या काळ्या जमिनीत पिकते. अमळनेरला प्रताप मिल होती, जळगावला खानदेश मिल होती. तिच्या भोंग्यावर अर्धं गाव घड्याळ लावायचं असं जुनी माणसं सांगतात. त्या मिलच्या जागेवर आता खानदेश सेंट्रल उभं आहे. जिथं कापड विणलं जायचं तिथं आपण आता तयार कपडे बघायला जातो.

आणि ‘डिझायनर’ म्हणजे तरी काय, याचा धडा आपल्याच कोल्हापुरी चपलेनं दिला. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा कंपनीच्या शोमध्ये पुरुषांच्या पायात जी चप्पल दिसली ती पाहून महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं की ही कोल्हापुरी आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. कंपनीनं आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. इथं गदारोळ झाल्यावर प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची होती हे तिनं मान्य केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्या कारागिरांकडून चपला बनवून घेण्याचं जाहीर केलं. किंमत सांगितली गेली सुमारे ८०० युरो. आता विचार करा, वर्षा-दोन वर्षांनी तीच चप्पल परदेशातल्या एखाद्या सेलमध्ये निम्म्या किमतीत लागली, तर आपल्यातली कुणीतरी ती ‘केवढी स्वस्त!’ म्हणून उचलून भुसावळला आणणार नाही का?

घेऊच नका, असं मी म्हणत नाही. तशी संन्यासिनी मीही नाही. तिथले चालायचे बूट चांगले असतात, गुडघ्यांना आराम पडतो. थंडीचे आतले कपडे, चांगल्या प्रतीची रेनकोट-जाकिटं, मोठ्या मापाचे आतले कपडे, जे आपल्याकडे दुकानदार काउंटरवर मोठ्यानं माप विचारून लाजवतो, ते तिथं स्वतः निवडून, घालून बघून, शांतपणे घेता येतात. माझ्या मते बाईनं परदेशात घ्यावी अशी ही पहिली वस्तू आहे आणि नेमकी तीच कुठल्या यादीत नसते. कपडा घेताना उलटा करावा, शिलाई ओढून बघावी, चेक्स असतील तर जोडावर रेषा जुळतात का ते बघावं, कापडात सूत किती टक्के ते वाचावं. ब्रँडचं नाव त्यानंतर. आमच्या बचत गटात शिवणकाम करणाऱ्या एका ताईंसमोर मी एकदा गोळा झालेल्या कपड्यांतले चार ‘डिझायनर’ ब्लाऊज टाकले. दोन मिनिटांत त्यांनी तीन बाजूला सारले. ‘‘हे दोन धुण्यांत उसवेल. याचं अस्तर खोटं आहे. याची कटिंग बरी, पण आपल्या बाईच्या दंडाचा यानं विचारच केला नाही.’’ चौथा मात्र त्यांनी हातात धरून ठेवला, गळ्याची पट्टी कशी बसवली ते बघायला घरी नेला आणि पुढच्या आठवड्यात तशी पट्टी स्वतः शिवून दाखवली.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनी जर्मनीला मुलाकडे निघाल्या, पहिल्यांदाच. यादी घेऊन माझ्याकडे आल्या, चौदा नावं होती. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. ज्यांनी फोन करून ‘काहीतरी आण गं’ एवढंच म्हटलं होतं त्यांना चॉकलेट ठरलं, तशी आठ नावं गेली. दोघांना ठरावीक कंपनीची वस्तू हवी होती. त्यांना वहिनींनी माझ्यासमोर फोन लावून सांगितलं, ‘‘फोटो आणि पैसे दोन्ही पाठवा, म्हणजे चूक होणार नाही.’’ एकीचे पैसे संध्याकाळी आले, दुसरीचा फोन आलाच नाही. राहिलेल्या चौघी म्हणजे सासूबाई, दोन्ही सुना आणि लहान नात. मग मी विचारलं, तुमचं काय? त्या जरा थांबल्या. पेन माझ्या हातातून घेतलं आणि खाली लिहिलं, ‘बूट, साडीखाली चालतील असे.’ पुढे कंसात, ‘किंमत बघून.’ आणि कंसातलं तेवढं मग त्यांनी स्वतःच खोडलं.